जीप पाठवायची घाई नको

लातूर
१० डिसेंबर १९९३

कंधारचे साडभाऊ दयानंदराव यांना लातूरहून उद्धवचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. कोणी गेलेलं नाही, कोणाचं लग्न ठरलेलं नाही, आणि तुमच्या शेतातली तूरही मागत नाही. काम तुमच्या आवडीचं आहे. सासरेबुवा व्यंकटरावांनी थोरल्या जावयाला जीप दिली आणि धाकट्याला बैलजोडी, तेव्हापासून मुरुडला सासुरवाडीत जमलो की तुम्ही त्या जीपकडे कसे बघता ते मी पाहत आलोय. वाटणी उलटी झाली हे मला मान्य आहे. पण मला बैलही कळत नाहीत, आणि जीपला चारा लागत नाही अशी माझी समजूत होती. लागतो. पेट्रोल नावाचा. घरून कॉलेजात जाऊन यावं तर काटा असा खाली बसतो, जसा माझ्या तासाला मागच्या बाकावरचा मुलगा.

तर तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून हवं आहे. नांदेडला तुमच्या ओळखीचा मिस्त्री आहे ना? येऊन घेऊन जा.

जाता जाता घरची खबर. तुमच्या विनीताअक्का, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, भूकंपाच्या दिवसापासून रात्री घरात झोपत नाहीत. जीपमध्ये झोपतात. सुरुवातीला सगळी गल्लीच बाहेर होती, तेव्हा त्यात नवल नव्हतं. पण दिवाळीनंतर एकेक बिऱ्हाड आत गेलं, ह्या मात्र बाहेरच. पहिल्या आठवड्यात त्यांच्या शाळेतर्फे किल्लारीकडच्या गावांत भाकऱ्या वाटायला गेल्या होत्या. परत आल्या, जीपच्या मागच्या शिटांवर फळी टाकली आणि गादी अंथरली. दिवसभर घरात वावरतात, स्वयंपाक करतात, मला हसतात. दिवेलागण झाली की बाहेर. इंजिनिअरला आणून भिंती, स्लॅब, सगळं दाखवलं. घर ठणठणीत आहे. मी मराठीत समजावलं, मग माझ्या विषयात, संस्कृतात समजावलं. उपयोग शून्य. थंडी वाढतेय आणि खोकला छातीत उतरलाय.

अर्थात याचा आणि डिझेलचा काही संबंध नाही. पेट्रोल परवडत नाही, एवढंच.

आपला
उद्धव


कंधार
१८ डिसेंबर १९९३

साडभाऊंना दयानंदचा रामराम.

गाडी नांदेडला सुखरूप पोचली. तुमच्या दारातून काढताना अक्का ओसरीत उभ्या होत्या. म्हणल्या, "दयानंदराव, इंजिन काय बदलायचं ते बदला, मागच्या शिटांना हात लावू देऊ नका. आमच्या बाबांनी निवडलेलं रेक्झिन आहे." मी म्हणलं, बिलकुल न्हाई.

धोंडप्पा मिस्त्रीनं बॉनेट उघडलं अन् कपाळाला हात लावला. म्हणला, "मालक, ह्याला इंजिन म्हणत न्हाईत, ह्याला शौक म्हणतात." दोघातिघांनी धरून जुनं इंजिन खाली उतरवलं. एका मोडीत निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन मिळालंय, मजबूत हाय. पण साडभाऊ, हे काम दिसतं तसं सोपं न्हाई. डिझेलचं धूड जड. पुढचे पाटे दबणार, म्हणून एकेक पान वाढवावं लागतंय. इंजिन अन् गिअरबॉक्सचं तोंड जुळंना, तर मधी बसवायला लेथवर जाड प्लेट बनवून राहिलो. पेट्रोलची टाकी धुऊन काढायची, बॅटरी मोठी घ्यायची, पाइप नवे टाकायचे. शेवटाला आर.टी.ओ.त जाऊन पुस्तकावर पेट्रोलचं डिझेल करून आणायचं.

धोंडप्पा म्हणतो, महिना लागंल. तेवढे दिवस तुमची लई अडचण होणार हे मला कळतं. फिकर करू नका, मी मागं लागतो.

सुकन्या अक्काला मुगाचे लाडू पाठवती हाय.

तुमचा
दयानंद


लातूर
२७ डिसेंबर १९९३

प्रिय दयानंदराव,

लाडू पोचले. चांगले आहेत, म्हणजे सुकन्येने केले असावेत.

महिना लागणार हे वाचून आनंद झाला. दोन लावले तरी चालतील. मिस्त्रीला सणवार असतील, पाहुणेरावळे असतील, त्याची दाढ दुखत असेल. त्याला दुखू द्या. मला अजिबात घाई नाही.

इकडे एका नव्या प्रवासाचं वर्णन करण्याजोगं आहे: बाजेच्या. जीप गेली त्या दिवशी विनीताने बाज अंगणाच्या मधोमध टाकली आणि वर ताडपत्री बांधली. मी मुकाट्याने दोरी धरली. दोन-तीन रात्री दव पडलं, ताडपत्रीचं पाणी अंगावर गळलं. मग बाज ओसरीच्या पायरीशी आली. परवा ओसरीवर चढली. काल तिचे दोन पाय उंबऱ्याच्या आत होते आणि दोन बाहेर. हिरण्यकशिपूने जो वर मागितला होता, ना घरात ना दारात, तो आमच्याकडे सुतळीने विणलेला मी प्रत्यक्ष पाहिला. मी दाराला पडदा लावला, थंडी वाजते म्हणून. तिने तो तसाच राहू दिला.

गल्लीत अजून प्रत्येक घरी रात्री फळीवरच्या पेल्यावर पितळी तांब्या पालथा ठेवतात. जमीन हलली की तांब्या पडतो आणि माणसं पळतात. आमच्याकडे अशी तीन ठिकाणं आहेत. एकदा मांजराने सगळी गल्ली उठवली.

बाकी लातूर जोरात. शेजारी आलोक सरांचे फिजिक्सचे क्लास पहाटे भरतात. भूकंपानंतर पळालेली मुलं दुप्पट होऊन परतली. तुमच्या पत्रावरून आलोक सरांना विचारलं, आणि मला एक मोठं तत्त्व सापडलं: पेट्रोलला ठिणगी लागते, डिझेलला नुसता दाब पुरतो. आमच्या गावची सगळी शिक्षणपद्धती डिझेलवर चालते हे मला आज कळलं. माझ्या वर्गात ठिणगीची वाट पाहणारे दोघंच उरलेत, त्यातला एक दमेकरी आहे.

पुन्हा सांगतो, घाई नको.

आपला
उद्धव


कंधार
६ जानेवारी १९९४

साडभाऊ,

टोमणा कळाला. लई लागला.

"मिस्त्रीची दाढ दुखू द्या" म्हणे! आम्ही शेतकरी असलो तरी तुमची भाषा इतक्या वर्षांत वळखतो. मागं एकदा तुम्ही असंच लिहिलं होतं, "आंबे पाठवायची घाई नको, कोयीही चालतील." अन् पुढच्या मोसमापर्यंत माझ्याशी धड बोलला न्हाईत. आता पुन्हा ते नको.

सुकन्यानं पत्र वाचलं. ती म्हणली, "दाजी बिनजीपचे हैराण झालेत, दिसत न्हाई का? अन् अक्का उंबऱ्यावर झोपती म्हणजे तिची गाडी तिला कधी मिळंल झालंय." म्हणून मी धोंडप्पाच्या दुकानावरच मुक्काम टाकला. तो जेवायला निघाला की मी डबा पुढं करतो. तो म्हणतो, "मालक, बायकोला तोंड तरी दाखवून येऊ द्या." मी म्हणलं, गाडी सुरू होऊ दे, गाडीत बसवून दाखव.

प्लेट बसली. इंजिन चढलं. एअर फिल्टर वर आल्यानं बॉनेट लागंना, तर तिथं चौकोनी भोक पाडलंय. दिसायला जरा नाक फेंदारल्यासारखं दिसतं पण दमदार हाय.

दयानंद


लातूर
११ जानेवारी १९९४

प्रिय दयानंदराव,

हे पत्र सावकाश वाचा. यात विनोद नाही, टोमणा नाही, आंबे नाहीत.

मी जीप पेट्रोलसाठी पाठवली नव्हती. विनीता त्या जीपमधून बाहेर यावी म्हणून पाठवली. ती अंगणात उभी असेपर्यंत विनीता घरात झोपणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तिच्या बाबांची जीप विकतो म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. म्हणून डिझेल. बाज आता उंबऱ्यावर आली आहे. अजून थोडे दिवस मिळाले तर आत येईल. जीप आत्ता आली तर सगळं मुसळ केरात.

कृपा करून काम थांबवा. इंजिन पुन्हा खोला. संक्रांतीला धोंडप्पाला माझ्याकडून तिळगूळ द्या आणि महिनाभर गोड बोलत बसा.

उद्धव


नांदेड
१७ जानेवारी १९९४

साडभाऊ,

तुमचं पत्र दुकानावर सगळ्यांना वाचून दाखवलं. धोंडप्पा पोट धरून हसला. "विनोद नाही" असं म्हणून सुरुवात केली तिथंच मी वळखलं, की आता साडभाऊ मोठा विनोद करणार. पण "इंजिन पुन्हा खोला" हे लईच झालं. म्हणलं, माणूस इतका चिडलाय तर एक दिवस लावायचा न्हाई.

तर कळवायला आनंद वाटतो की गाडी तयार! आर.टी.ओ.तून पुस्तक हाती आलं की परवा दुपारी संगप्पा ड्रायव्हरसोबत रवाना करतो हाय. पत्र पोस्टानं येईल, गाडी आधी पोचंल. तुमचं जुनं पेट्रोल इंजिनपण मागच्या दोन शिटांच्या मधी ठेवून दिलंय, तुमची चीज तुमच्या घरी. शिटांना धक्का न्हाई, पोतं गुंडाळलंय.

चालवण्याचं ध्यानात घ्या. सकाळी किल्ली अर्धी फिरवून हीटर तापू द्या, मग सेल्फ मारा. अन् सगळ्यात मोठी गोष्ट: ही किल्लीनं बंद होत न्हाई. डिझेलला ठिणगीच न्हाई तर किल्ली काय तोडणार? स्टेअरिंगच्या खाली काळी मूठ हाय, ती ओढून धरायची, मग थंड होती. हे इसरू नका.

दयानंद


लातूर
२१ जानेवारी १९९४

दयानंदराव,

तुमचं पत्र काल मिळालं. ते परवा मिळालं असतं तर लातूरच्या इतिहासातलं एक पान कोरं राहिलं असतं.

जीप परवा संध्याकाळी आली. संगप्पाने ती स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून उभी केली, चालू कशी करायची ते मला तोंडी शिकवलं, चहा घेतला आणि एसटी गाठली. बंद कशी करायची हे सांगण्यासारखं आहे असं त्या सज्जनाला वाटलं नाही. विनीता गादी काखेत धरून बाहेर आली. आत पाहते तर पोत्यात गुंडाळलेलं इंजिन. ती म्हणाली, "हे कधी काढणार?" मी म्हटलं, "उद्या माणसं बोलावतो." ती गादी घेऊन परत उंबऱ्यावर गेली. दयानंदराव, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडलात, आणि तेही न कळत.

मी मनात ठरवलं: माणसं यायच्या आत, उजाडता उजाडता जीप कॉलेजच्या आवारात नेऊन लपवायची. काल पहाटे हीटर तापवला, सेल्फ मारला.

ती गरजली. मी पेट्रोलच्या जीपचा माणूस. ती कुजबुजत सुरू व्हायची. हिने आधी भिंतीला धडक दिली आणि मग तिथेच उभी राहून थरथरायला लागली. भिंत थरथरली, फळी थरथरली, आमचे तिन्ही तांबे खाली आले. त्या आवाजाने शेजारचा तांब्या पडला, त्याच्या आवाजाने पलीकडचा. "हाललंऽ! भाईर पळाऽ!" अशी आरोळी उठली आणि गल्ली रिकामी झाली, म्हणजे घरं रिकामी झाली, गल्ली भरली. आलोक सरांच्या क्लासमधून मुलं बाहेर पडली तेव्हा आलोक सर आधीच बाहेर होते. खिडकीतून आले असावेत, कारण खडू हातात होता आणि चप्पल नव्हती.

मी किल्ली काढली. जीप चालूच. किल्ली खिशात टाकली. तरी चालूच. सांख्यांचा पुरुष अलिप्त होऊन बाजूला बसला तरी प्रकृतीचा खेळ चालू राहतो, तसा मी अंगणात हात बांधून उभा होतो. कोणी म्हणालं, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला बोलवा. पण गल्लीतले विज्ञानाचे तीन मास्तर हजर असताना रिक्षावाल्याला विचारणं कोणाला पसंत पडेना. आलोक सरांनी डिझेल इंजिनाचं तत्त्व आकृती काढून समजावलं, मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं, आणि शेवटी ते म्हणाले, "सर, डिझेल संपेपर्यंत थांबू या." टाकी तुम्ही काठोकाठ भरून दिली होती. अशी ती पोस्टमन येईपर्यंत चालली. तुमचं पत्र उभ्यानेच फोडलं. काळी मूठ ओढली. जी शांतता पसरली तिच्यात आमच्या प्राचार्यांचा सायकलवरून जाताना केलेला नमस्कारसुद्धा ऐकू आला.

इथपर्यंत हसलात ना? आता थांबा. विनीता त्या गोंधळात अनवाणी अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली होती, कुंपणाची तार धरून. जीपच आहे असं मी ओरडून सांगितलं. तिला कळलंही होतं. पण तारेवरची मूठ सुटत नव्हती. बोटं मी एकेक करून सोडवली. जीपमधलं जुनं इंजिन काढायचं राहूनच गेलं, आणि काल रात्री बाज पुन्हा अंगणाच्या मधोमध गेली. ताडपत्री बांधायचंही तिने मनावर घेतलं नाही. आणि रात्रभर खोकली.

मागचं पत्र पुन्हा वाचा. त्यात खरोखरच विनोद नव्हता.

उद्धव


कंधार
२८ जानेवारी १९९४

दाजी,

हे पत्र मी, सुकन्या, लिहिते आहे. आमचे हे इथे बाजूला मान खाली घालून बसलेत आणि बसणार आहेत. पहिल्या पत्रातच तुम्ही लिहिलं होतं की अक्का जीपमध्ये झोपते, खोकते. मीसुद्धा वाचलं आणि मीसुद्धा "संबंध नाही" या शब्दांवर विश्वास ठेवला. पण दाजी, जरा तुमचंही चुकतंच. तुम्ही दर पत्रात चिमटे काढणार, आणि मग एके दिवशी म्हणणार की आज मात्र खरं बोलतोय. माणसाने ओळखायचं कसं?

हे म्हणतात, येऊन जीप घेऊन जातो आणि अक्का आत येईपर्यंत कंधारला ठेवतो. म्हणाल त्या दिवशी निघतील. मीही येते, अक्काला थोडे दिवस इकडे आणीन. कळवा.

सुकन्या

साडभाऊ, मला माफ करा. आंब्यांचं मनात ठेवलं होतं मी. — दयानंद


लातूर
२२ फेब्रुवारी १९९४

प्रिय दयानंदराव आणि चि. सुकन्या,

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते रोज बदलत होतं. सुकन्या, तुझा आरोप मान्य. यापुढे खरं बोलताना पत्राच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने खूण करीन.

जीप न्यायला येऊ नका. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी विनीता म्हणाली, "उद्या सकाळी जीप सुरू करा." मी म्हटलं, "कशाला?" म्हणाली, "करा म्हणते ना. पण उजेडात, आणि गल्लीला आधी सांगून." मी घरोघर जाऊन सांगितलं. आलोक सरांनी फळ्यावर सूचना लिहिली. मग मी अंगणात जीप सुरू केली आणि विनीता आत, स्वयंपाकघराच्या भिंतीला तळहात लावून उभी राहिली. पाचेक मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाली, "बस." दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग एकदा म्हणाली, "आता थोडी पुढे घ्या. आता मागे." एक हात भिंतीवर, दुसऱ्या हाताने पोळी उलटतेय. मला वाटलं, जीपची परीक्षा चालू आहे. मग कळलं, विद्यार्थिनी जीप नाही, विनीता आहे, आणि आलोक सरांच्या क्लासशी फरक एवढाच की हा क्लास पहाटेचा नाही. बाज ओसरीवर आली. उंबऱ्यावर आली. गेल्या आठवड्यापासून ती माजघरात आहे, चारही पाय आत. खोकला उतरलाय. मी कुठेही काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं तप.

आणि आता लाल शाई. परवा रविवारी जेवणानंतर आम्ही दोघं आडवे झालो होतो. खरा हादरा बसला. लहानसाच, तुमच्याकडे कळलाही नसेल. मी शांतपणे उठलो, परिस्थितीची पाहणी करण्यासाठी अंगणात गेलो, सर्व ठीक असल्याची खात्री केली आणि परत आलो. विनीता गाढ झोपलेली होती! कूसही बदलली नव्हती. झोपेत तिला वाटलं असणार, यांनी पुन्हा जीप सुरू केली. मी तिला उठवलं नाही आणि सांगितलंही नाही. सांगितलं तर बाज पुन्हा अंगणात जाईल. म्हणून तुम्हीही या विषयावर तोंड उघडायचं नाही. सुकन्या, विशेषतः तू.

धोंडप्पाला माझा नमस्कार सांगा. त्याने केलेला हा उपचार त्याला कधीच कळणार नाही.

उद्धव


लातूर
२५ फेब्रुवारी १९९४

चि. सुकन्या हिला विनीताअक्काचा आशीर्वाद.

यांनी तुम्हाला पत्र टाकलं ते मी वाचलेलं नाही, पण काय लिहिलं असेल ते सांगू शकते. पाकीट चिकटवताना गालात हसत होते.

आधी जीपचं सांगते. महिन्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीचं पेट्रोल परवडत नाही, असं कोणी म्हणालं तर मला कळणार नाही का गं? पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी जाऊ दिली. मला स्वतःहून आत जायला पाय उचलत नव्हता, आणि मला कोणी ओढलेलं चालणार नव्हतं. अंथरूण कोणी काढून नेलं तर बघू, असं वाटलं. किल्लारीकडच्या गावात एका घराची चौकट तेवढी उभी होती आणि एक बाई तिच्यात बसून भाकरी खात होती. भिंती नव्हत्या, तरी दारातच बसली होती. ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. कोणाला सांगितलं नाही, तुला सांगते.

आता रविवारचं. मी जागी होते.

जीपचा हादरा मी तीन आठवडे हाताने ओळखून घेतलाय. तो भिंतीतून येतो, खरबरीत असतो. हा खालून आला, मऊ, कोणी जमिनीखालून सतरंजी ओढावी तसा. मला लगेच कळलं की हा तोच. पळावं असं वाटलं, आणि मग वाटलं, आता पळायचा कंटाळा आला. मी डोळे मिटून पडून राहिले. हे मात्र उठले आणि असे धावले की धोतराचा सोगा कडीत अडकला. "विनीताऽ" अशी हाक अंगणातून आली, घरातून नव्हे. मग त्यांच्या ध्यानात आलं असावं की मी सोबत नाही. धावत आत आले. जमीन थांबली की नाही हेही बघितलं नाही, सरळ आत. माझ्या नाकापुढे हात धरून श्वास पाहिला. मग माझ्या बाजेच्या कडेवर बसले.

बाज हलायला लागली. मला वाटलं दुसरा हादरा आला. पण जमीन स्थिर होती. हेच थरथरत होते गं, आणि एवढ्यातही मी उठू नये म्हणून तोंडावर उपरणं धरून बसले होते.

मग मी झोपेत कूस वळवल्यासारखं केलं आणि त्यांच्या मांडीवर हात टाकला. हळूहळू बाज हलायची थांबली. थोड्या वेळाने तर ते बसल्या बसल्या घोरायला लागले.

त्यांना सांगू नकोस. उन्हाळ्यात ये, दयानंदरावांना आण. आणि त्यांना सांग, जीप फार छान झाली आहे. काल मी स्वतः चालवत शाळेत नेली.

तुझी
अक्का